दिसलं ते काढा, माहीत आहे ते नको : दुर्बिणीपाशी केलेलं स्केच संशोधनाला काय शिकवतं



"पेट पास झालो, गाईड मिळाले, आता सुरुवात कशापासून करू?" असा मेसेज महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचं नाव हवं असतं. ओरिजिन शिकू की पायथन? मेंडेले वापरू की झोटेरो? ही सगळी शिकावी लागतातच, ती शिकालही. पण अलीकडे मी एक वेगळंच उत्तर द्यायला लागले आहे. एक पेन्सिल आणि एक कोरा कागद घ्या, अंधाऱ्या रात्री एखाद्या दुर्बिणीपाशी बसा आणि आयपीसमधून जे दिसतं ते काढा. चित्रकला येत नसेल तरी चालेल. खरं तर न येणाऱ्यालाच याचा जास्त फायदा होतो.

आधीच सांगते, माझी पीएचडी खगोलशास्त्रात नाही. मी मटेरियल सायन्समध्ये मेटल ऑक्साइडच्या थिन फिल्म्सवर काम करते. दुर्बीण हा छंद. पण निरीक्षण म्हणजे काय आणि अंदाज म्हणजे काय, यातला फरक मला लॅबमध्ये कळला नाही, तो नान्नजच्या पुढं एका ज्वारीच्या शेतात कळला. तेही चूक पकडली गेली म्हणून.

सहा ताऱ्यांची गोष्ट

संक्रांतीनंतरची अमावस्या होती. हुरड्याचे दिवस. मैत्रिणीच्या शेतात आम्ही सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेऊन गेलो होतो. शहरापासून थोडं लांब गेलं की दक्षिणेकडे सोलापूरचा उजेड क्षितिजावर पसरलेला दिसतो, पण डोक्यावरचं आकाश चांगलं मिळतं. जानेवारीच्या अखेरीस मृग नक्षत्र रात्री सव्वानऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, सर्वांत उंच असतं. मृगातल्या बाणाच्या थोडं खाली जो धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनाही जाणवतो, तो तेजोमेघ म्हणजे एम ४२. सोलापूरचा अक्षांश साधारण १७ अंश ४० मिनिटं, त्यामुळे हा तेजोमेघ आपल्याकडे जवळजवळ ६७ अंश उंचीपर्यंत चढतो. युरोपातल्या लोकांना तो एवढा वर कधीच मिळत नाही.

त्याच्या मध्यभागी चार ताऱ्यांचा एक छोटा चौकोन आहे, त्याला ट्रॅपेझियम म्हणतात. तिथंच आणखी दोन मंद तारे आहेत, त्यांना ई आणि एफ अशी नावं आहेत. हवा स्थिर असेल तर सहा इंची दुर्बिणीतून तेही दिसू शकतात. मी त्यांच्याबद्दल वाचलं होतं, फोटो पाहिले होते. अर्धा तास बसून मी स्केच केलं. चौकोन, भोवतीचे ढगाचे पंख आणि सहाच्या सहा तारे. खाली ऐटीत लिहिलं, "ई आणि एफ दिसले."

मैत्रिणीची आई बाहेर आली. काकूंचा रांगोळीचा हात प्रसिद्ध आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळ्या काढतात, त्यात त्या दर वर्षी असतात. मी माझं चित्र न दाखवता त्यांना म्हटलं, "काकू, यात बघा आणि दिसेल तसं काढा."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग आधी ठिपके दिले. चार. भोवती बोटानं पेन्सिल पसरून धुकं केलं आणि त्या धुक्यात एका बाजूनं आत घुसलेली एक काळी खाच ठेवली. ती खाच खरोखर तिथं आहे, आणि माझ्या चित्रात ती नव्हती. मी विचारलं, "काकू, तारे चारच? सहा नाहीत?"

"चारच दिसायल्यात की गं. सहा तू कुठनं आणलीस?"

मला आधी वाटलं, त्यांना सवय नाही म्हणून मंद तारे सुटले. सवयीच्या डोळ्याला जास्त दिसतं हे खरंही आहे. पण दुसऱ्या दिवशी घरी दोन्ही चित्रं नकाशाशी ताडून पाहिली आणि पोटात गोळा आला. आमची दुर्बीण न्यूटोनियन पद्धतीची आहे, तिच्यातली प्रतिमा १८० अंशांनी फिरलेली दिसते, म्हणजे वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. माझे मुख्य चार तारे बरोबर फिरलेले होते, कारण ते मी पाहून काढले होते. पण ई आणि एफ फिरलेले नव्हते. एफ हा तारा चौकोनातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या शेजारी असतो. माझ्या कागदावर तो सर्वांत मंद ताऱ्याच्या शेजारी होता. फोटो सुलटा धरल्यावर तो पानावर ज्या बाजूला दिसतो, त्याच बाजूला.

म्हणजे ते दोन तारे आयपीसमधून आलेच नव्हते. ते माझ्या डोक्यातून आले होते. आणि मी खोटं बोलत नव्हते, हाच यातला भीतीदायक भाग. त्या क्षणी मला ते "दिसले" होते.

डोळा एकटा पाहत नाही

हे का होतं? अंधारात आपल्या डोळ्यातल्या शंकूपेशी जवळजवळ काम करत नाहीत, काम करतात त्या दंडपेशी. दंडपेशींना रंग कळत नाही, बारीक तपशील नीट कळत नाहीत, पण मंद उजेड कळतो. दृष्टीच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. म्हणून मंद वस्तूकडे थेट रोखून पाहिलं की ती नाहीशी होते आणि जरा बाजूला पाहिलं की परत येते. याला आम्ही तिरकी नजर म्हणतो. अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या एका झगमगाटात ती सगळी जाते.

अशा काठावरच्या उजेडात डोळा मेंदूला अर्धवट माहिती पाठवतो. उरलेली मेंदू भरून काढतो. कशानं? आधी पाहिलेल्या फोटोनं, वाचलेल्या वर्णनानं, "इथं असायला हवं" या अपेक्षेनं. हा दोष फक्त दुर्बिणीपाशी होतो असं समजू नका. गोंगाटातून सिग्नल शोधायचा असेल तिथं तिथं, म्हणजे तुमच्या-माझ्या प्रत्येक लॅबमध्ये, हेच चालतं.

दोन माणसं, एकच चंद्र

याचं एक जुनं उदाहरण बघा. थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञानं १६०९ च्या उन्हाळ्यात दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढलं. गॅलिलिओच्या काही महिने आधी. पण त्या चित्रात उजेड-अंधाराची एक वाकडीतिकडी रेषा आणि काही डाग एवढंच आहे. विवर नाही, डोंगर नाही. गॅलिलिओनं त्याच वर्षाच्या अखेरीस चंद्र काढला तेव्हा त्यानं सावल्या काढल्या. प्रकाशाच्या रेषेपलीकडे, अंधारात चमकणारे ठिपके म्हणजे ऊन आधी पोहोचलेली शिखरं, हे त्यानं ओळखलं. छायाप्रकाशाचं चित्र कसं वाचायचं, हे त्याला चित्रकलेच्या अभ्यासामुळे माहीत होतं. १६१० मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि त्यानंतर हॅरियटच्या चित्रातही विवरं दिसायला लागली!

यातून दोन धडे निघतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिला, ज्ञान नसेल तर समोरचं दिसत नाही. दुसरा, ज्ञान मिळालं की ते दिसायला लागतं, कधी कधी नसतानासुद्धा. संशोधकाला या दोन्हींच्या मधून चालायचं असतं. वाचन बंद करून चालणार नाही. पण वाचलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहायची सवय लावावी लागेल.

आपल्या जिल्ह्यातलं जेऊर

आता थोडं घराजवळ येऊ. करमाळा तालुक्यातलं जेऊर स्टेशन तुम्ही पुण्याला जाताना गाडीतून कितीतरी वेळा पाहिलं असेल. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा तिथून गेला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिथं आपली उपकरणं घेऊन गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले, जपानहूनही शास्त्रज्ञ आले. सगळी तयारी सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी!

त्या काळात खग्रास ग्रहणात मोठं आकर्षण होतं ते सूर्याच्या प्रभामंडलाचं, म्हणजे करोनाचं. त्याआधीची कित्येक वर्षं करोनाची नोंद हातानं चित्र काढूनच होत असे. अडचण अशी होती की एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या दोघांची चित्रंही जुळत नसत. कुणी लांब किरण काढी, कुणी गोल वलय. दोन मिनिटांत, थरथरत्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली गोष्ट काढायची, तर दुसरं काय होणार? म्हणून फोटोग्राफीकडे ओढा वाढला. कॅम्पबेल यांनी जेऊरला चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा आणला होता.

पण चित्र लगेच बाद झालं नाही. करोनाचा आतला भाग फार तेजस्वी आणि बाहेरचा फार मंद असतो. एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही पकडणं त्या काळच्या काचेला जमत नसे, डोळ्याला बरंचसं जमतं. त्याच ग्रहणासाठी विजयदुर्गाला आलेल्या नॉर्मन लॉकयर यांनी युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी घेतलं, कामं वाटली, आधी रंगीत तालमी घेतल्या आणि काहींना करोनाची चित्रं काढायला बसवलं. रंगीत तालीम हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागेल.

विजयदुर्गाची आणखी एक गंमत. लॉकयर यांनी १८६८ च्या ग्रहणात याच किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे कौतुकानं सांगितलं जातं. पण १८६८ साली लॉकयर भारतात नव्हते. त्यांनी आपलं निरीक्षण त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केलं. ते विजयदुर्गाला आले ते १८९८ मध्ये. तीस वर्षांचं अंतर लोकांच्या आठवणीत पुसलं गेलं. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेला कागद असतो म्हणून आपण हे आज दुरुस्त करू शकतो.

नायगमवाला यांच्याबद्दल अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती आपल्या मृगातल्या तेजोमेघाचीच आहे. त्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. लॉकयर यांच्या सिद्धांतानुसार तिचा संबंध मॅग्नेशियमशी होता, आणि तसं असेल तर ती एका बाजूनं अस्पष्ट होत गेलेली दिसायला हवी. नायगमवाला यांनी पुण्याच्या वेधशाळेतून पाहिलं तेव्हा ती त्यांना स्वच्छ, तीक्ष्ण कडांची दिसली, आणि १८९१ मध्ये त्यांनी तसंच छापलं. लॉकयर हे तेव्हाचं मोठं नाव, त्यांच्यापुढं पुण्याचा एक प्राध्यापक. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवलं. १८९१ मध्ये नायगमवालांना हे उत्तर माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, फक्त दिसलेलं होतं. आणि तेवढं पुरेसं होतं.

मंगळावरच्या रेषा

उलट बाजूचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. १८७७ मध्ये मिलानमध्ये श्यापारेल्ली यांनी मंगळाचा नकाशा काढताना त्यावर रेषा काढल्या. पुढं अमेरिकेत लॉवेल यांनी त्यांना बुद्धिमान जीवांनी खोदलेले कालवे ठरवलं. हे लोक काही कच्चे निरीक्षक नव्हते.

१९०३ मध्ये मॉन्डर आणि इव्हान्स यांनी ग्रिनिचच्या एका शाळेतल्या मुलांवर साधा प्रयोग केला. मंगळासारखी एक गोल चकती, तिच्यावर अनियमित ठिपके आणि पुसट छटा, पण कालवे नाहीत. मुलांना वेगवेगळ्या अंतरांवर बसवून ती पाहून काढायला सांगितली. ना अगदी जवळ, ना अगदी लांब अशा मधल्या अंतरावरच्या मुलांनी सरळ रेषा काढल्या. डोळ्याच्या क्षमतेच्या काठावर असलेले सुटे ठिपके मेंदू जोडतो आणि त्याची रेषा होते. १९०९ मध्ये पॅरिसजवळच्या मेदों इथल्या ८३ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून अँतोनियादी यांनी मंगळ पाहिला, तेव्हा रेषांच्या जागी त्यांना बारीक, तुटक तपशील दिसले.

हेच मॉन्डर १८९८ च्या ग्रहणाला पत्नी ॲनी मॉन्डर यांच्यासह विदर्भातल्या तळणीला आले होते. तिथं ॲनी यांनी करोनाचा एक खूप लांब किरण फोटोत पकडला. डोळा कुठं फसतो आणि कॅमेरा कुठं उपयोगी पडतो, हा विचार या जोडप्यानं आयुष्यभर केला.

मग प्रश्न येतो, आज फोटो काढता येत असताना स्केच कशाला? प्रामाणिक उत्तर असं की तेजोमेघाच्या स्केचमधून आज नवीन विज्ञान निघत नाही. सौर डागांची चित्रं हा मोठा अपवाद. कित्येक दशकं रोज हातानं काढलेले सूर्याचे नकाशे सौरचक्राच्या अभ्यासाला अजूनही लागतात. कोडाईकॅनॉल वेधशाळेतही असे नकाशे जपलेले आहेत. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली तेव्हा तिची उपकरणं तिथंच गेली. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन असेच डागांचं चित्र काढत बसले होते, तेव्हा त्यांना सूर्यावर अचानक दोन झगमगते ठिपके दिसले. त्यांनी वेळ टिपली आणि साक्षीदार शोधायला धावले. मिनिटाभरात परत आले तोवर ते ठिपके मावळायला लागले होते. सौरज्वालेची ती पहिली नोंद. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानंही ती स्वतंत्रपणे पाहिली होती, म्हणून ती टिकली. हे चित्र पडद्यावर प्रतिमा पाडून काढलेलं होतं. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट कधीही पाहू नका, डोळा कायमचा जातो.

तुमच्या-माझ्यासाठी स्केचचा उपयोग चित्रात नाही, ते काढताना जे होतं त्यात आहे. फोटो काढताना आपण बटण दाबतो. रेघ काढताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारावं लागतं : हे खरंच आहे का? कुठं आहे? कशापेक्षा उजळ आहे?

प्रत्यक्ष कसं करायचं

साहित्य घरात मिळतं. परीक्षेचा पॅड, साधा पांढरा कागद, एचबी आणि २बी पेन्सिल, खोडरबर, थोडा कापूस. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर दोन-तीन पदरी बांधा. कागदावर वर्तुळ काढायला दोन-सहा मापाची बांगडी घ्या आणि आतून पेन्सिल फिरवा, साधारण सहा सेंटीमीटरचं वर्तुळ होतं. हे तुमचं दृष्टिक्षेत्र. पांढऱ्या कागदावर काळ्या पेन्सिलीनं काढतो, म्हणून चित्र उलटं असतं : आकाशात जितकं उजळ, तितकं कागदावर गडद.

एक. पाहण्याआधी लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, दुर्बिणीचा व्यास, आयपीस, मॅग्निफिकेशन, हवा कशी आहे. आमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी. २५ मिमीचा आयपीस लावला तर १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट. १० मिमीचा लावला तर १२० पट.

दोन. दृष्टिक्षेत्र मोजा. पुस्तकातून उतरवू नका, स्वतः मोजा. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा घ्या. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी व्याधापासून सर्वांत लांबचा, मिंटाका, यासाठी उत्तम. दुर्बीण स्थिर ठेवा. तारा एका कडेनं आत येऊन मध्यातून जात दुसऱ्या कडेनं बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजा. तो दर सेकंदाला १५ विकला सरकतो. माझ्या २५ मिमीच्या आयपीसला ४ मिनिटं ६ सेकंद लागले, म्हणजे २४६ गुणिले १५ बरोबर ३६९० विकला, साधारण ६१.५ कला. एका अंशाहून थोडं जास्त. आता कागदावरच्या सहा सेंटीमीटरला अर्थ आला.

तीन. दिशा ठरवा. तारा ज्या बाजूनं बाहेर जातो ती पश्चिम. दुर्बीण हलकेच ध्रुवाकडे ढकलली की ज्या बाजूनं नवीन तारे आत येतात ती उत्तर. या दोन अक्षरांनी माझी चूक पकडली गेली. ती लिहिली नसती तर माझे सहा तारे आजही "दिसलेलेच" राहिले असते.

चार. आधी ठिपके, मग धुकं. हे काकूंकडून शिकले. सर्वांत तेजस्वी दोन-तीन तारे आधी मांडा, त्यांचे त्रिकोण करा आणि बाकीचे तारे त्या त्रिकोणांच्या आधारानं बसवा. ठिपक्यांची रांगोळी जशी असते तसंच. सांगाडा पक्का झाल्यावरच कापसानं धूसर भाग भरा.

पाच. प्रत्येक मंद गोष्टीची तीनदा खात्री करा. डोळा बाजूला घ्या, श्वास घ्या, परत बघा. तीनही वेळा त्याच जागी दिसली तर काढा. एकदाच दिसली तर ठिपक्याशेजारी प्रश्नचिन्ह द्या. दुर्बिणीला हलकी टिचकी मारली तर हलणारी मंद वस्तू डोळ्याला लवकर कळते.

सहा. दुर्बिणीपासून उठल्यावर चित्रात काही वाढवू नका. घरी स्वच्छ प्रत काढायची असेल तर जरूर काढा, पण मूळ कागद तसाच ठेवा, डागांसकट. आणि फोटोशी तुलना चित्र पूर्ण झाल्यावरच करा.

सुरुवात चंद्राच्या एखाद्या विवरापासून करा, कारण तो उजळ असतो. पण सावल्या तासाभरात सरकतात, तेव्हा छोटा भाग निवडा. मग कृत्तिका, मग एम ४२. एप्रिल-मे मध्ये दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघा. आपल्याकडून तो जेमतेम २५ अंश वर येतो, पण लंडनहून तर तो क्षितिजावर येतच नाही. लाखो ताऱ्यांचा तो गोळा काढायला बसलात की लगेच कळेल, सगळं काढता येत नाही आणि काय सोडलं हेही लिहावं लागतं.

आणि लॅबमध्ये?

शेतातल्या त्या रात्रीनंतर एक प्रश्न सुटेना. मी असे न दिसलेले तारे आणखी कुठं कुठं काढलेत?

उत्तर माझ्याच ड्राफ्टमध्ये मिळालं. एका फिल्मच्या एक्सआरडी आलेखात, ज्या कोनावर एक शिखर यायला हवं होतं, तिथं पार्श्वभूमीच्या गोंगाटातून किंचित वर आलेला उंचवटा होता. मी वाचलेल्या पेपरांमध्ये तिथं शिखर असतं. मी त्यावर बाण काढून मिलर इंडेक्स लिहून टाकला होता आणि त्या बाणावर पुढचे दोन परिच्छेद उभे केले होते. आता तो आलेख पाहताना काकूंचा आवाज ऐकू आला, "कुठनं आणलीस?"

तोच सॅम्पल पुन्हा लावला, त्या कोनाभोवती हळू स्कॅन घेतला, प्रत्येक पायरीवर जास्त वेळ थांबून. उंचवटा गायब. नवीन सॅम्पल बनवून पाहिला. तिथंही काही नाही. गाईडना जाऊन सांगितलं तेव्हा हात थरथरत होते. त्या निष्कर्षासाठी तीन आठवडे गेले होते आणि तो आम्ही काढून टाकला. पेपर लांबला. पण तो छापून गेला असता आणि कुणी ते काम पुन्हा करून पाहिलं असतं तर?

तेव्हापासून माझ्या लॅब नोटबुकच्या प्रत्येक पानावर तीन उभे रकाने असतात. पहिला "दिसलं", दुसरा "वाटलं", तिसरा "आधीपासून माहीत होतं". पहिल्या रकान्यात आकडे आणि साधी वाक्यं : "द्रावण चौथ्या मिनिटाला पिवळं झालं." दुसऱ्यात अर्थ : "बहुतेक कण वाढायला लागले." तिसऱ्यात पेपरमधलं. सुरुवातीला कंटाळा येतो. काही दिवसांनी लक्षात येतं की पहिला रकाना आपण समजत होतो त्यापेक्षा फारच छोटा आहे. हे कळणं हाच खरा फायदा.

मोठ्या मोजमापाआधी मी आता रंगीत तालीमही घेते, लॉकयरच्या खलाशांसारखी. कोरा सॅम्पल लावून सगळी प्रक्रिया एकदा करायची. कोऱ्यातही "सिग्नल" दिसला तर तो सिग्नल कुणाचा आहे ते समजतं. आणि जमेल तिथं काकू शोधायच्या : ज्यांना अपेक्षित उत्तर माहीत नाही अशा कुणाला तरी आलेख दाखवून फक्त विचारायचं, "तुला इथं काय दिसतंय?" ज्युनिअर असेल, शेजारच्या लॅबमधलं कुणी असेल. त्यांना काही सुचवायचं मात्र नाही.

ते सहा ताऱ्यांचं स्केच मी फाडलं नाही. "ई आणि एफ दिसले" ही ओळही खोडली नाही, तिच्याखाली फक्त नवीन तारीख घालून लिहिलं : "दिसले नव्हते." शेजारी काकूंचं चार ठिपक्यांचं चित्र चिकटवलं आहे. त्यानंतर दोन हिवाळे ट्रॅपेझियमकडे पाहिलं. गेल्या डिसेंबरात, हवा अगदी शांत असताना, पहाटेच्या सुमारास चौकोनाजवळ पाचवा तारा क्षणभर दिसला, गेला, परत त्याच जागी दिसला. तिसऱ्यांदा दिसला तेव्हा तो काढला. नकाशाशी ताडला तर तो ई होता आणि या वेळी योग्य बाजूला होता. सहावा अजून दिसलेला नाही, त्यामुळे कागदावरही नाही.

तुम्ही पहिलं स्केच केलंत की तारीख, वेळ आणि दिशा लिहून मला जरूर पाठवा. चित्र कसं आलंय याची काळजी करू नका. फक्त प्रश्नचिन्हं किती आहेत ते मी आधी बघेन.